पूर्ण दिवसांचं बाळ, सर्फॅक्टंट देऊनही एक्स-रे पांढराच: एसएफटीपीबी जनुकाची तपासणी कधी आणि कशी करावी?

बालरोग_निवासी

नमस्कार. नवजात अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांसाठी आणि जनुकीय रिपोर्ट रोज वाचणाऱ्यांसाठी हा प्रश्न आहे.

समजा, ३९ आठवडे पूर्ण झालेलं, ३ किलो वजनाचं बाळ आहे. जन्मल्याबरोबर रडलं, रंगही चांगला होता, पण दोन-तीन तासांत कण्हायला लागलं, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाऊ लागली आणि ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं दुधी काचेसारखी, २८ आठवड्यांच्या बाळाची असावीत तशी. सर्फॅक्टंट (हवेच्या पिशव्या मिटू न देणारं फुप्फुसातलं द्रव्य) दिलं की ऑक्सिजनची गरज ८० टक्क्यांवरून ४० वर उतरते आणि काही तासांत पुन्हा चढते. दुसऱ्या डोसलाही तेच. कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी) निगेटिव्ह, सीआरपी (संसर्गाची रक्तातली खूण) वाढलेलं नाही.

पाठ्यपुस्तकात अशा वेळी ‘सर्फॅक्टंट प्रोटीन बी, म्हणजे एसपी-बीची जन्मजात कमतरता, जनुक एसएफटीपीबी’ एवढ्या दोन ओळी सापडतात. पुढचं एका जागी मिळत नाही, म्हणून इथे विचारते. संशय कितव्या दिवशी घ्यायचा आणि त्याआधी काय काय बाद करायचं? डुकराच्या किंवा गाईच्या फुप्फुसातून काढलेल्या सर्फॅक्टंटमध्ये एसपी-बी असतंच, मग ते देऊन भागत का नाही? रक्त कशात, किती आणि कुठली तपासणी लिहून पाठवायचं? रिपोर्ट आला की त्यात काय पाहायचं?

---

एनआयसीयू_रात्रपाळी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. जनुकाचं बाकीचे सभासद सांगतीलच.

हा आजार फार दुर्मीळ आहे, साधारण दहा लाख जन्मांमागे एक असा अंदाज दिला जातो. त्यामुळे आधी बरे होणारे आजार शोधायचे. सगळ्यात आधी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि तो नुसता ‘हृदय ठीक’ असा नको. फुप्फुसाकडून येणाऱ्या चारही शिरा डाव्या कर्णिकेत उघडताना दिसल्या का, हे शब्दांत लिहून मागा. अडथळा असलेल्या टीएपीव्हीसीचा (या शिरा भलतीकडे जोडलेल्या असण्याचा हृदयदोष) एक्स-रे हुबेहूब असाच दुधी दिसतो. तिथे सर्फॅक्टंटचे डोस देत बसलो तर ऑपरेशनची वेळ हातची जाते. या एका गोष्टीत चूक परवडणारी नाही.

त्यानंतर जंतुसंसर्ग. कल्चर निगेटिव्ह असलं तरी ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसचा न्यूमोनिया असाच दिसू शकतो, म्हणून अँटिबायोटिक सुरूच असतात. आईला मधुमेह होता का, कळा सुरू होण्याआधी सिझेरियन झालं का, पाण्यात शी होती का, हे विचारून घ्या. यांतलं बहुतेक तीन-चार दिवसांत एका दिशेने सुधारू लागतं. फुप्फुसातला रक्तदाब खूप चढलेला आणि एक्स-रे मात्र त्या मानाने स्वच्छ असेल, तर अल्व्हिओलर कॅपिलरी डिस्प्लेजियाचा (वायुकोशांच्या केशवाहिन्या नीट न बनण्याचा आजार) विचार करा. त्याचं जनुक वेगळं, फॉक्सएफ१. टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतलं संप्रेरक) वाढलेलं असेल किंवा बाळ फार ढिलं वाटत असेल, तर एनकेएक्स२-१ हे जनुक.

आता दिवसांचं. ५ ते ७ दिवस झाले, संसर्ग आणि हृदय बाद झालं, सर्फॅक्टंटला दर वेळी काही तासांचाच प्रतिसाद मिळतोय आणि व्हेंटिलेटरचं प्रेशर खाली आणता येत नाही, तर त्याच दिवशी जनुकीय तपासणी पाठवा. आधीचं एखादं भावंडं पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत ‘श्वासाच्या त्रासाने’ गेलं असेल, किंवा आई-वडील आते-मामेभावंडं असतील, तर सात दिवस थांबायचं कारण नाही, दुसऱ्या दिवशीच पाठवा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न कितीतरी घरांत रीतीचं आहे. हा प्रश्न केसपेपरवरच्या ‘नात्यात लग्न: होय/नाही’ या खुणेवर सोडू नका. ‘लग्नाआधी तुमचं काही नातं होतं का, आजी-आजोबा एकच का?’ असं बसून विचारावं लागतं.

डोसबद्दल एक हिशेब. क्युरोसर्फचं (डुकराच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट) पहिल्या डोसचं प्रमाण किलोला २०० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलि, आणि पुढचे डोस किलोला १०० मिलिग्रॅम. हे मुदतीआधी जन्मलेल्या बाळांसाठी ठरवलेलं आहे. ३ किलोच्या बाळाला पहिलाच डोस साडेसात मिलि होतो, ३ मिलिच्या अडीच कुप्या. कुपी हाताच्या उबेने खोलीच्या तापमानाला आणा, हलकेच उलटसुलट करा, खळखळवू नका, फेस होतो. आणि दोन-तीन डोसनंतरही प्रतिसाद टिकत नसेल तर चौथी-पाचवी कुपी मागवू नका. घरच्यांचा तोच पैसा तपासणीला लावला तर त्यांना निदान उत्तर तरी मिळेल.

स्टिरॉइडबद्दलही विचारणा होईल. स्टिरॉइडने एसएफटीपीबीचं वाचन वाढतं हे खरं आहे, पण जनुकाच्या दोन्ही प्रतींतला मजकूरच तुटका असेल तर तो जास्त वेळा वाचून प्रथिन तयार होत नाही.

---

पापुद्रा

‘बाहेरून दिलेलं एसपी-बी का पुरत नाही’ हा धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे, त्याला जरा जागा घेतो.

हवेच्या पिशवीत, म्हणजे वायुकोशात, पाण्याचा पातळ थर असतो. नुसत्या पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७० मिलिन्यूटन प्रति मीटर. पिशवी जितकी लहान तितका तो ताण तिला जास्त जोराने मिटवतो, कारण लाप्लासच्या नियमात त्रिज्या भागाकारात येते. सर्फॅक्टंटचा थर श्वास सोडल्याच्या शेवटच्या क्षणी हा ताण जवळजवळ शून्यावर आणतो, म्हणून पिशवी मिटत नाही. या थरात ९० टक्के मेद, त्यातही डीपीपीसी हा एकच फॉस्फोलिपिड सगळ्यात जास्त. प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास आणि एसपी-बी त्यातलाही छोटा वाटा. पण श्वासागणिक दबलेला थर पुन्हा झटकन पसरवायचं काम त्याचं.

ते बनतं कसं ते पाहा. जनुक दुसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, २पी११.२ या जागी. लांबी सुमारे साडेनऊ हजार बेस (डीएनएची अक्षरं), एक्सॉन, म्हणजे जोडून वाचले जाणारे तुकडे, ११, त्यातला शेवटचा प्रथिनात उतरत नाही. वायुकोशाच्या भिंतीतल्या, सर्फॅक्टंट बनवणाऱ्या टाइप २ पेशीत यावरून ३८१ अमिनो आम्लांचं लांबलचक पूर्वप्रथिन तयार होतं. कामाचं एसपी-बी म्हणजे त्यातला २०१ ते २७९ हा ७९ अमिनो आम्लांचा मधला तुकडा. अलीकडचा-पलीकडचा भाग पेशीच्या आतच छाटला जातो. नॅप्सिन ए आणि कॅथेप्सिन एच ही त्या छाटणीतली विकरं. उरलेल्या तुकड्यात सिस्टीन नावाची सात अमिनो आम्लं असतात. सहा जणी आपसांत तीन पूल बांधून घडी घट्ट करतात आणि सातवी, ४८ व्या जागेवरची, शेजारच्या रेणूचा हात धरते. म्हणून एसपी-बी जोडीने काम करतं.

ही छाटणी होते त्याच कप्प्यांत लॅमेलर बॉडी, म्हणजे सर्फॅक्टंट साठवणारी कोठारं, घडत असतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी लॅमेलर बॉडी कापलेल्या कांद्यासारखी दिसते, पापुद्र्यावर पापुद्रा, एकसारख्या अंतराने. एबीसीए३ हा पंप मेद आत भरतो आणि एसपी-बी त्याचे पापुद्रे रचतं. एसपी-बी नसेल तर कप्प्यात सुट्या फुग्यांचा ढिगारा राहतो, पापुद्रे बनतच नाहीत. शिवाय एसपी-सी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची छाटणीही याच कप्प्यात पुरी होते. कप्पा बिघडला की तीही अर्धवट राहते. म्हणजे जनुक एकच बिघडलेलं, पण बाळाकडे पक्वं एसपी-बी नाही, पक्वं एसपी-सी नाही आणि मेद भरायची कोठारंही नाहीत.

आता कुपीतलं सर्फॅक्टंट. क्युरोसर्फच्या एक मिलिमध्ये ८० मिलिग्रॅम सर्फॅक्टंट, त्यात प्रथिनं जेमतेम १ मिलिग्रॅम. ते वायुकोशात पडतं, पसरतं आणि काम करतं, म्हणूनच तुमचा ऑक्सिजन ८० चा ४० होतो. पण निरोगी नवजात बाळात वापरलेल्या सर्फॅक्टंटचा मोठा भाग टाइप २ पेशी परत आत घेतात, लॅमेलर बॉडीत पुन्हा बांधतात आणि पुन्हा बाहेर सोडतात. इथे बांधणारा कप्पाच नाही. त्यात वायुकोशात झिरपलेली रक्तातली प्रथिनं उरलेला थर निकामी करत राहतात. चढउताराचा जो आलेख तुम्हाला दिसतो, तो याचाच.

उंदरांमध्ये हे जनुक दोन्ही प्रतींत बंद केलं तेव्हा पिल्लांची फुप्फुसं फुगलीच नाहीत आणि ती जन्मताच गेली. एक प्रत चालू असलेली पिल्लं जगली. माणसातही एकच बिघडलेली प्रत असलेले आई-वडील धडधाकट असतात.

---

जनुकवाचन

सॅम्पल आणि रिपोर्ट माझ्याकडे.

बाळाचं २ मिलि रक्त ईडीटीएमध्ये, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत. हेपॅरिनची हिरवी नळी नको, हेपॅरिन पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया) अडवतं. जमलं तर रक्त चढवण्याआधी घ्या. चढवून झालं असेल तर तारीख फॉर्मवर लिहा, पण तेवढ्यासाठी तपासणी अडवू नका. नळी ४ अंशांवर ठेवा, फ्रीझरमध्ये नको, बर्फाला चिकटवून तर नकोच. आई आणि वडील दोघांचंही ३-३ मिलि त्याच दिवशी घ्या. आई अजून वॉर्डात असते, वडील दाराशी असतात. महिन्याभराने त्यांना पुन्हा बोलावणं फार अवघड जातं.

फॉर्मवर नुसतं ‘एसएफटीपीबी’ लिहू नका. सर्फॅक्टंटच्या जनुकीय आजारांत एबीसीए३ चा वाटा सगळ्यात मोठा आहे आणि पाळण्यापाशी दोन्हींत फरक करता येत नाही. म्हणून एसएफटीपीबी, एसएफटीपीसी, एबीसीए३, एनकेएक्स२-१ आणि फॉक्सएफ१ असलेलं पॅनेल, किंवा बाळ अधिक आई-वडील असं ट्रायो एक्झोम (तिघांच्याही सगळ्या जनुकांचे एक्सॉन वाचणं), तातडीचं. ‘डिलीशन-डुप्लिकेशनही पाहावं’ (मोठा तुकडा गळलाय किंवा दुप्पट झालाय का) हे वेगळं लिहा. बाळाची लक्षणं, एक्स-रे, सर्फॅक्टंटचे किती डोस आणि प्रतिसाद किती तास, हे चार ओळींत लिहिलंत तर रिपोर्ट लिहिणाऱ्याला बदलाची वर्गवारी ठरवताना थेट उपयोग होतो.

स्वस्तातली ‘१२१इन्स२’ एवढी एकच तपासणी कुणी सुचवली तर नाही म्हणा. १९९३ साली या आजाराचं पहिलं वर्णन झालं आणि १९९४ साली हा बदल सापडला, म्हणून तो प्रसिद्ध आहे. चौथ्या एक्सॉनमध्ये एका सी च्या जागी जीएए येतात, दोन अक्षरं वाढतात, पुढची सगळी वाचनचौकट सरकते आणि एसपी-बी बनतच नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या रुग्णांत सुमारे दोन तृतीयांश प्रतींवर हाच बदल सापडतो. आपल्या कुटुंबांत तोच असेल असं धरून चालायला आधार नाही. नात्यातल्या लग्नात तर त्या घराण्याचाच वेगळा बदल दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता जास्त. जनुक पूर्ण वाचायला हवं.

आकड्यांचा एक घोळ. हाच बदल कुठे सी. ३९७ आणि प्रोलीन १३३ असा लिहिलेला दिसेल, तर कुठे सी. ३६१ आणि प्रोलीन १२१ असा. हे दोन बदल नाहीत. सुरुवातीचा एटीजी (प्रथिनाची सुरुवात दाखवणारी तीन अक्षरं) कुठला मोजला यावरून ३६ बेसचा, म्हणजे १२ अमिनो आम्लांचा फरक पडतो. म्हणून ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे मोजणीसाठी वापरलेल्या संदर्भ-प्रतीचा, क्रमांक आवृत्तीसकट रिपोर्टवर हवा. तो नसेल तर दुसरी लॅब पुढच्या गरोदरपणात भलतीच जागा तपासून ‘बदल आढळला नाही’ असं कळवू शकते. शिवाय हे जनुक उलट्या धाग्यावर आहे, त्यामुळे कच्च्या व्हीसीएफ फाइलमध्ये (सापडलेल्या बदलांची यादी) हाच बदल जी च्या जागी टीटीसी असा दिसतो. काही सॉफ्टवेअर त्याचे दोन तुकडे करून दोन ओळींत टाकतात आणि मग दोन्ही ओळी किरकोळ वाटून गाळल्या जातात. संशय पक्का असेल तर लॅबला फोन करून ‘चौथा एक्सॉन डोळ्यांनी पाहा’ असं सांगायला संकोचू नका.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघा. दोन बदल सापडले का, ते रोगकारक वर्गातले आहेत का, आणि एक आईकडून, एक वडिलांकडून आलाय का. दोन्ही एकाच पालकाकडून आले असतील तर ते एकाच प्रतीवर आहेत, दुसरी प्रत शाबूत आहे आणि कारण दुसरीकडे शोधायला हवं. बाळात बदल दुहेरी दिसतो पण एकाच पालकात सापडतो, असं झालं तर दुसऱ्या पालकाकडून तो तुकडाच गाळला गेला आहे का किंवा दोन्ही प्रती एकाच पालकाच्या आहेत का, हे तपासावं लागतं. त्यावर पुढच्या बाळाचा धोका बदलतो.

आणखी एक: १३१ व्या जागी थ्रिओनीन की आयसोल्युसीन हा फरक रिपोर्टमध्ये दिसला तर घाबरू नका. तो सर्रास आढळणारा भेद आहे. श्वसनविकारांशी त्याचा थोडाबहुत संबंध अभ्यासांत पाहिला गेलाय, पण जन्मजात कमतरतेचं कारण तो नाही.

---

बालरोग_निवासी

खूप आभार. दोन शंका उरल्या. रिपोर्ट यायच्या आधीच बाळ हाती लागणार नाही असं दिसत असेल तर काय जपून ठेवायचं? आणि निदान पक्कं झालं तर आई-वडिलांसमोर नेमके कुठले पर्याय ठेवायचे?

---

पापुद्रा

जपून ठेवण्याबद्दल. रक्ताची एक जादा ईडीटीए नळी लॅबला ‘डीएनए काढून ठेवा’ असं लिहून द्या. तेही शक्य नसेल तर नवजात तपासणीच्या गाळणकागदावर चार-पाच मोठे थेंब घ्या, आडवं ठेवून खोलीच्या हवेवर तीन-चार तास पूर्ण वाळू द्या, ऊन किंवा हीटर नको, मग कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या पिशवीत ओलं घातलं की बुरशी येते आणि डीएनए जातो.

आई-वडिलांनी संमती दिली तर फुप्फुसाचा तुकडाही मोलाचा आहे. इथे नेहमी एकच चूक होते: सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो. एक-एक मिलिमीटरचे तीन-चार कण आधी कापून २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये घाला, ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. मोठे कण घातले तर मधे रसायन पोचत नाही. एक तुकडा उणे ७० अंशांवर गोठवा. उरलेला १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये. मृत्यूनंतर जितका उशीर तितके पापुद्रे विरघळतात, म्हणून ग्लुटराल्डिहाइडची कुपी आधीच मागवून फ्रिजमध्ये ठेवलेली बरी. सूक्ष्मदर्शकाखाली एसपी-बीचा रंग अजिबात न येणं आणि प्रो-एसपी-सी (न छाटलेलं एसपी-सी) भरभरून दिसणं, ही जोडी एसएफटीपीबीकडे बोट दाखवते.

---

एनआयसीयू_रात्रपाळी

पर्यायांबद्दल. दोन्ही प्रतींतून एसपी-बी पूर्ण बंद असेल तर व्हेंटिलेटरवर असूनही बाळं बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या आत जातात. थोडंफार प्रथिन बनू देणारे बदल असतात, त्यात बाळ जास्त काळ टिकतं, म्हणून बदल नेमका कुठला हे कळेपर्यंत आकडा सांगू नका. फुप्फुस प्रत्यारोपण अमेरिकेत सेंट लुईससारख्या ठिकाणी अशा तान्ह्या बाळांवर झालेलं आहे. आपल्याकडे एवढ्या लहान बाळासाठी ते व्यवहारात हाताशी नाही. विषाणूवाहकातून जनुक पोचवून एसपी-बी नसलेल्या उंदरांचं आयुष्य लांबवता आलंय, पण बाळासाठी ते उपचार अजून उपलब्ध नाहीत. हे घरच्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर ते इंटरनेटवर वाचून घर विकायला निघतात. वेदना आणि धाप कमी ठेवणं, बाळाला आईच्या कुशीत देणं, यंत्र कधी थांबवायचं याचं बोलणं घाई न करता दोन-तीन बैठकांत करणं, हेही उपचारच आहेत आणि त्यांची तयारी रिपोर्टची वाट पाहतानाच करता येते.

---

जनुकवाचन

पुढच्या गरोदरपणाचं जोडतो. दोघे वाहक, म्हणजे एकच बिघडलेली प्रत असलेले, असतील तर प्रत्येक वेळी २५ टक्के धोका, आधीचं बाळ कसंही असो. निरोगी भावंडं वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन. लहान मुलांची ती तपासणी घाईने करू नका, मोठी झाल्यावर त्यांना ठरवू द्या.

गर्भाची सोनोग्राफी इथे काहीच सांगत नाही, फुप्फुसं अगदी नॉर्मल दिसतात. ११ ते १३ आठवड्यांत सीव्हीएस (वारेचा छोटा तुकडा घेणं) किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल, आणि त्यावर फक्त त्या कुटुंबाचे ठरलेले बदल तपासायचे. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंद असलेल्या केंद्रातच, फॉर्म जी वर आईची लेखी संमती घेऊन. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना ही तपासणी सोबत मागा; आई स्वतः वाहक असल्यामुळे तिच्या पेशी मिसळल्या तर बाधित गर्भही वाहक वाटू शकतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर एमटीपी (गर्भपाताच्या) कायद्यात अशा कारणासाठी २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. पण रिपोर्टला दोन-तीन आठवडे धरा आणि उलटी मोजणी करा, म्हणजे पाळी चुकल्याबरोबर फोन करायला सांगावं लागतं. ज्यांना गर्भपात नको असेल त्यांच्यासाठी आयव्हीएफमध्ये रोपणाआधी भ्रूण तपासण्याचा मार्ग आहे, खर्चिक आहे, पण सांगायला हवा.

घरात हे बोलताना सासूबाई समोर असतील तर आधी एक वाक्य ठळक सांगा: एक प्रत आईकडून आली, एक वडिलांकडून, दोघांच्याही नकळत. नाहीतर सगळा दोष सुनेच्या माथी जातो.

डिस्चार्ज किंवा मृत्यूच्या कागदावर ‘श्वसनविकार’ एवढंच लिहून सोडू नका. जनुकाचं नाव, दोन्ही बदल, ट्रान्सक्रिप्टचा क्रमांक, डीएनए कुठल्या लॅबमध्ये कुठल्या नोंदणी क्रमांकाखाली ठेवलाय, हे सगळं त्यावर टाइप करा आणि दोन प्रती द्या, एक आईच्या हातात.